तिसऱ्या अंकातला कोट

नेब्रास्कात समुद्र नाही.
कुठल्याही दिशेला गाडी काढा,
आधी मका, मग मका, मग पेट्रोल पंप.
आणि व्हीचबाईंनी वसंत सत्रासाठी निवडलं
शंभर वर्षांपूर्वीचं आयरिश नाटक,
ज्यात एक म्हातारी तीन अंक
एका होडीची वाट बघते.

पहिला आठवडा नुसते उच्चार.
थ चा ट करा, बाई म्हणाल्या.
टर्टी-ट्री. टर्टी-ट्री.
जेवणाच्या रांगेतसुद्धा आम्ही टँक यू म्हणायचो.
आणि वाक्य शेवटी खाली सोडू नका,
भरतीसारखं वर येऊ द्या.
भरती कुणी पाहिली होती?
मारिसेलानं. सात वर्षांची असताना, टेक्ससच्या किनाऱ्यावर,
तेव्हाही ती तापानं मोटेलात झोपून होती,
नुसती ऐकली, म्हणाली, भिंतीपलीकडून.
म्हातारी तीच करणार होती. वय एकोणीस.

तिकडे चुलीत माती जाळतात.
माझ्या सामानाच्या यादीत: मातीच्या विटा, नग चाळीस.
थर्माकोलच्या केल्या, रंगवल्या,
चॉकलेट केकसारख्या दिसल्या.
डेल ह्रुस्का, आमचा सुतार, काही बोलला नाही.
सोमवारी पिकअपमधून खरीच ढेकळं घेऊन आला,
फावड्यानं चौकोनी कापलेली, गवताच्या मुळांसकट.
पणजोबांचं घर असल्याच विटांचं होतं, म्हणाला,
जळणार नाहीत, पण खोटंही बोलणार नाहीत.
दिव्यांची ऊब लागली की वास सुटायचा.
दुसऱ्या अंकात गांडुळं बाहेर यायची.

अडलं ते तिसऱ्या अंकात.
होडी येत नाही. मुलाचा कोट येतो, ओला.
म्हातारीनं आकांत करायचा.
मारिसेलानं केला. गुडघ्यांवर पडून, केस मोकळे सोडून,
आवाज फाटेपर्यंत.
बाईंनी नऊ वेळा थांबवलं.
खोटं नाही गं, म्हणाल्या,
पण हे तू कुठंतरी ऐकलेलं रडतेयस.

सगळे गेले. मी झाडत होते.
डेल शिडीवर, तोंडात दोन स्क्रू.
ते त्यानं काढून खिशात टाकले.
माझा भाऊ बुडालाय, म्हणाला. मक्यात.
पत्र्याची तिमजली कणगी. खालून मका काढत होते,
हा वर गेला काठीनं ढोसायला,
थर बसला. मिनिटही लागलं नाही.
पत्रा कापून काढेस्तोवर रात्र झाली.
आईनं कोट मागून घेतला.
खिसे उलटे केले, केकच्या भांड्यात,
आणि दाणे मोजायला बसली.

मारिसेलानं विचारलं, किती निघाले?
मला वाटलं, असं काय विचारते ही.
एकशे बारा, डेल म्हणाला. मग पुन्हा पहिल्यापासून.

पहिला प्रयोग. बाहेर उशिराचा बर्फ, आत चौतीस माणसं.
(टर्टी-फोर, विंगेत कुणीतरी पुटपुटलं.)
कोट आला.
ती ओरडली नाही. खिसा उलटा केला.
मी त्यात काही ठेवलं नव्हतं, सामान माझ्या ताब्यात असतं.
पण लाकडावर दाणे पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.
माझ्या हातातल्या प्रतीत तिचं पुढचं वाक्य होतं.
मी ते दिलं नाही.

गावच्या पेपरात आलं: प्रयोग चांगला,
मात्र त्या बेटावर मका पिकत नाही.
व्हीचबाईंनी कात्रण फळ्यावर लावलं,
शब्द बोलल्या नाहीत.

दिव्यांवरचा थॅडियस मात्र कटकट करी:
रोज वेगळा आकडा, मी अंधार कशावर करू?
तिचं मोजून झालं की, मी म्हटलं.
आणि ते कळणार कसं?
कळेल.

डेलच्या आईच्या नावाचं पाकीट
तिकीट खिडकीत चारही रात्री तसंच राहिलं.
चौथ्या रात्री थॅडियस चुकला,
अंधार आधी झाला.
टाळ्या वाजल्या नाहीत.
काळोखात मारिसेलाचा आवाज येत होता,
ट चा पुन्हा थ झालेला,
थर्टी-वन, थर्टी-टू,
आणि कुणी दिवे लावेना.